नारळ मी ठेवणार नाही

२४ जानेवारी
उल्हासनगर, कॅम्प तीन

किर्ती,

ओरडू नकोस. आत्या शेजारीच बसली असेल कात्री घेऊन. पँट मांडीवर घे, मान खाली घाल आणि धागे कापतेयस असं दाखवत वाच.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. इन्स्टावर केलंस. आईच्या नंबरवरून केला तर तोही ब्लॉक. ठीक आहे. पण मुकेशशेठच्या कारखान्यातला माल धागे कापायला बदलापूरला तुझ्या आत्याकडेच जातो, हे विसरलीस. बंडल मी बांधतो, टेम्पो चंदू चालवतो. जीन्सला पाच खिसे असतात. कुठले कुठले ब्लॉक करशील?

तुझ्या तात्यांचा निरोप पोचला. गावकीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडून ‘चुकलो’ म्हणायचं, की मांडव ठरल्या तारखेला पडणार. दंड माफ, होणाऱ्या जावयाला सवलत. नाही ठेवला तर आपली सुपारी फुटलीच नव्हती असं समजायचं.

माझं उत्तर: नाही.

तुला माहीत आहे तरी काय झालं ते लिहितो, कारण तुमच्या घरात ही गोष्ट वेगळी करून सांगत असतील. शंकरकाकांनी टँकरवाल्यांची तक्रार केली. कंपनीचं घाण पाणी गावामागच्या नाल्यात सोडणारे टँकर. त्या टँकरवर आपल्याच गावातली पोरं होती, त्यांची कामं गेली. गावकीनं काकांचं घर वाळीत टाकलं. बोलणं बंद, जाणं-येणं बंद, लग्नाचं बोलावणं बंद. मीसुद्धा गप्प होतो. तुझ्याशी लग्न करायचं होतं ना मला.

मग वीस तारखेला अंजनीकाकी गेली.

सकाळी आमच्या दारातून दिसत होतं. काका ओट्यावर बसलेले, त्यांची लेक प्रीतीताई आत रडतेय, तिचा नवरा फोनवर फोन लावतोय. सगळ्या गावाची दारं लोटलेली. स्मशानातल्या लाकडांच्या खोलीला गावकीचं कुलूप. किर्ती, माणूस मेल्यावर आपल्या गावात बोलवावं लागत नाही. रडण्याचा आवाज आला की लोक चपला घालतात. त्या दिवशी आवाज आला आणि लोकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी चंदूला फोन केला. तो अंबरनाथहून टेम्पोत लाकडं घालून आला. काका मडकं घेऊन पुढे. खांद्याला प्रीतीताई, तिचा नवरा, चंदू आणि मी. बस. एवढा माझा गुन्हा.

तू असतीस तर काय केलं असतंस, एवढं एका चिठ्ठीवर लिही. पँट परत येताना कुठल्याही खिशात टाक. मी सगळे उलटे करून बघेन.

(वरची चौतीस नंबरची पँट कापताना सांभाळ, डाव्या खिशाची शिलाई कच्ची आहे.)

अजून तुझाच, तू नाही म्हणालीस तरी,
सुजित


२७ जानेवारी
कॅम्प तीन, जेवणाच्या सुट्टीत

किर्ती,

चिठ्ठी मिळाली. घड्याळाच्या छोट्या खिशात घातलीस, जिथे कोणी बघत नाही. म्हणजे मी बघणार हे तुला माहीत होतं. तेवढ्यावर मी कालचा अख्खा दिवस काढला.

आता चिठ्ठीतल्या मजकुराबद्दल.

‘तू एस.वाय.ला कॉलेज सोडलंस आणि आम्हाला नीती शिकवतोस? चांगलं काय, वाईट काय हे तुला कुणी शिकवलं? तुझे बाबा गेले तेव्हा गावानंच सगळं केलं. गावानं तुम्हाला सांभाळलं आणि तू गावाचं तोंड काळं केलंस.’

वाचून डोकं असं फिरलं की मशीनवर बसलो आणि एका पँटच्या दोन्ही पायांना एकत्र शिवून टाकलं. मुकेशशेठनं ती वर धरली आणि म्हणाला, “साईं, ये मासळी के लिए बनाया क्या?” अख्खा कारखाना हसला. मी नाही.

कॉलेजचं तू नेहमी काढतेस, तर एकदाच सांगतो. मूल्यशिक्षणाचा पेपर होता. पहिला प्रश्न, सदाचाराचे समाजातील महत्त्व स्पष्ट करा. सुपरवायझर सरांनी पुढच्या दोन रांगांना सांगितलं, पुस्तकं मांडीवर घ्या, पण आवाज नको. आणि पुस्तकं निघाली! सदाचाराचं महत्त्व पोरं मांडीवरून वर बघून, खाली बघून लिहीत होती. मी उभा राहिलो, म्हणालो, सर, हा पेपर तरी सोडायचा होता. ते म्हणाले, “तुला नको असेल तर तू नको बघू, बस खाली.” मी बसलो नाही. बाहेर आलो तो परत गेलो नाही. आई म्हणते माझं डोकं तापट म्हणून वर्ष गेलं. बरोबर आहे. डोकं थंड असतं तर आज माझ्याकडे डिग्री असती, आणि सदाचाराचे महत्त्व तोंडपाठ.

दुसरा मुद्दा, बाबांचा. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. खरंच नाही. बाबा गेले तेव्हा मी आठवीत. मला आठवतंय ते एवढंच की आमच्या घरात चूल बंद होती आणि तरी रोज भात येत होता. तुमच्या घरून, अंजनीकाकीच्या घरून, पाटलांच्या घरून. गाव वाईट आहे असं मी कधी म्हटलं? वाईट असतं तर सोपं होतं. मी बॅग उचलून चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगीत भाड्यानं राहायला गेलो असतो, जिथे शेजारच्याचं नाव माहीत नसतं आणि कोणी कोणाला वाळीत टाकत नाही, कारण आधीच सगळे वाळीत.

तुझ्या प्रश्नावर मी विचार करतोय. कुणी शिकवलं, हे शोधून काढतो. पण नारळ ठेवणार नाही.

आणि मी तुझं तोंड कधी काळं केलं सांग. उन्हात तुझ्यासाठी छत्री धरून मीच काळा झालो.

सुजित


२९ जानेवारी
कॅम्प तीन

किर्ती,

हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर असं आलंय. काही विशेष नाही. घराची काच फुटली, वेचताना लागलं. वाऱ्यानं फुटली असेल. आपल्या गावात हल्ली वारा दगड घेऊन वाहतो.

मी लोकांना विचारत सुटलोय, चांगलं काय हे तुम्हाला कसं कळतं?

मुकेशशेठ कारखान्याखालच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाला, “जो विकलेला माल वापस घेतो, तो आदमी चांगला. बाकी सब भाषण.” मी म्हटलं, शेठ, तुमच्या मागे तर पाटी आहे, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’. शेठनं मान वळवून पाटी बघितली, जणू काल कोणी लावून गेलं. म्हणाला, “वो ग्राहक के लिए है. मेरे बाप के लिए नहीं. बाप कॅम्प में खाली हाथ आया, लोगों ने उधार कपडा दिया, नहीं बिका तो वापस लिया. इसलिए मैं गल्ल्यावर बैठा हूँ.” मग मला ओरडला की काम कर. पण संध्याकाळी एक बाई कालचा फ्रॉक घेऊन आली आणि शेठनं पैसे मोजून दिले, फ्रॉक परत घेतला. पाटी तिथेच आहे.

चंदूला विचारलं. तो बौद्ध, त्याच्या आजोबांनी छप्पनलाच दीक्षा घेतलेली. म्हणाला, “आमच्यात पंचशील आहे ना. लहानपणापासून पाठ. पाचातली तीन पाळतो, दोनांवर काम चालू आहे.” कुठली दोन, ते विचारलं नाही, त्याच्या खिशातली पुडी दिसत होती. मग मी विचारलं, त्या दिवशी माझ्या एका फोनवर तू लाकडं घेऊन का आलास? तुला ना काकी माहीत, ना काका. चंदूनं टेम्पोची फळी लावली. मग म्हणाला, “माझा आजोबा तुझ्याच गावात मजुरीला यायचा. त्याला पाणी वरून ओतायचे. तो सांगायचा, एकच बाई होती जी तांब्या हातात द्यायची. नाव त्याला माहीत नव्हतं. तुझ्या काकीची सासू असेल, नसेल. आपल्याला काय? त्या गावातल्या एका बाईचं आमच्यावर देणं होतं, दिलं.”

किर्ती, तात्या गावकीत हे बोलणार नाहीत, पण मला माहीत आहे त्यांना माझ्या खांद्यापेक्षा चंदूचा खांदा जास्त लागलाय. खोटं असेल तर सांग.

तात्या काल घरी आले होते. एकटे, सकाळी, दुधाच्या वेळेला. ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं, प्यायले. म्हणजे ते आले तेव्हा आम्ही वाळीत नव्हतो. म्हणाले, “आरं पोरा, नारलच त ठेवाचा हाय. नाक नाय कापाचं.”

मी म्हटलं, तात्या, चुकलो नाही तर चुकलो कसं म्हणू?

“चुकला का नाय, ह्यो हिशोब एकट्यानं नाय कराचा. गाव करतंय. आज आख्खं गाव एका मुठीत हाय म्हणून बिल्डर आपल्या दारात येऊन हात जोडतंय. एक बोट उघडला, का मूठ गेली. शंकरनं बोट उघडला. तू दुसरा.”

“आणि नाल्यातलं पाणी?”

“पानी आज ना उद्या साफ होयाल. गाव फुटला, तर नाय जुलाचा.”

आवाज चढवला नाही त्यांनी. ते रागावले असते तर मी पण रागावलो असतो, मला ते जमतं. पण ते उठताना माझ्या पट्टीकडे बघून म्हणाले, “हळद लाव.” आणि गेले. तुझ्या बापाचा राग येण्यासाठी मला फार कष्ट घ्यावे लागतात, हे लक्षात ठेव.

ते गेल्यावर आई बाजारात गेली आणि नारळ घेऊन आली. पाण्याचा, शेंडी असलेला, हलवून बघून आणलेला. देव्हाऱ्याशेजारी ठेवला. नळावर बायका तिला पुढे येऊ देत नाहीत, हे मला चंदूकडून कळलं, तिनं नाही सांगितलं. ती हायवेपलीकडून कळशी आणते.

तर आता मी रोज जेवतो आणि नारळ माझ्याकडे बघतो. ठेवला तर आईला नळ मिळतो, आणि मला तू. दोन पावलं चालायची आणि वाकायचं. तुझ्या हिरव्या बांगड्यांचा आवाज सकाळी घरात ऐकायला मी याहून मोठं काहीही केलं असतं. विहिरीत उडी मार म्हणाली असतीस तर विचारलं असतं, कुठल्या?

परवा गावकी बसतेय. ये म्हणत नाही. माझ्यासाठी एक काम कर. मी तिथे वाकणार नाही असं तुला वाटतं का, की वाकेन असं वाटतं, एवढं स्वतःशी ठरव. मला सांगू नकोस.

सुजित


३१ जानेवारी
घरून

किर्ती,

देवळासमोर गावकी बसली. खुर्च्या कमी पडल्या, एवढी माणसं. माझ्या लग्नालाही एवढी आली असती.

तात्या मधोमध. म्हणाले, “नारल कुठं हाय?”

“घरी आहे.”

मागे कोणीतरी हसलं. तात्या नाही हसले. “आणला कनाला नाय?”

मी बरंच पाठ करून गेलो होतो. कायदा, संविधान, नाल्यातल्या पाण्याचा रिपोर्ट. चंदूनं मला सांगून ठेवलं होतं की वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, पोलिसांचं नाव काढ, सगळे सरळ होतील. मी नाही काढलं. पोलिसात जायचं की नाही हे शंकरकाका ठरवतील, आधी ते वाळीत पडले. आणि खरं सांगू? तिथे उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं गेलं. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. मला तात्यांचे पाय दिसले. चपला बाजूला, पाय उघडे. आणि मला तुझ्या चिठ्ठीचं उत्तर सापडलं. असं भर गावकीत, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, “तात्या, माझ्या बाबांना तुम्ही खांदा दिलात. मे महिना होता. तुम्ही शेतावरून तसेच अनवाणी आलात. डांबर वितळत होतं. सगळ्यांनी वाटेत खांदे बदलले, तुम्ही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावर बसला होतात, तळपायाला फोड, आणि काकी हळद लावत होती. अंजनीकाकी. मी दारातून बघत होतो. मला कोणी काही शिकवलं नाही तात्या. मी ते पाय बघितले.”

मग मी एवढंच विचारलं.

“तेव्हा तुम्ही खांदा द्यायला कोणाला विचारलं होतं?”

तात्या म्हणाले, “तवा विचाराची गरज नव्हती.”

“मलाही नव्हती.”

किर्ती, मी जिंकलो असं समजू नकोस. तुझे तात्या कितीतरी वेळ आपल्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि बोलले, “आजपासून ह्या घराशी गावाचा बोलनं नाय, जानं-येनं नाय.” आवाज फुटका होता, पण बोलले. आपली सुपारी पण मोडली. तेही बोलले. सगळ्यांनी ऐकलं.

मी परत येताना तिठ्यापर्यंत ताठ चाललो. पुढचं नाही सांगत.

घरी आलो तर आई माझ्या आधी पोचलेली. देवळामागच्या भिंतीला लागून बायकांमध्ये उभी होती म्हणे. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मारेल. तिनं देव्हाऱ्याशेजारचा नारळ उचलला, उंबऱ्यावर बसली आणि कोयत्याच्या पाठीनं एका दणक्यात फोडला. पाणी तांब्यात धरलं, मला दिलं.

“पी. घसा सुकला असंल तुझा, एवढा बोललास.”

मी म्हटलं, आई, गावकीसाठी आणला होतास ना?

“नारल आनलाय त वाया नाय घालवाचा. उद्या शंकरभाऊंकडं तेरावा हाय. वाल भिजत घातल्यात.” मग खवणी ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या बापाच्या तेराव्याला अंजनीनं किसला होता.”

उद्या दुपारी जेवण आहे. पानं जास्त मांडणार आहे आई. येणारं कोणी नाही, तिला माहीत आहे. तरी मांडणार आहे.

चंदू उद्या सकाळी बंडल घेऊन बदलापूरला येईल. त्यातलं हे पत्र तू वाच, नाहीतर कात्रीनं काप. मी तुला काही सांगत नाही. मांडव गेला, आता तुला सांगायचा मला कुठला हक्क?

सुजित


२ फेब्रुवारी
घरून, दिवसाउजेडी

किर्ती,

ही पँटच्या खिशातली भानगड संपली. तात्यांनी आत्याकडचं धाग्याचं काम बंद करायला लावलं, तुला घरी आणलं, शेठनं मला कालच्या खाड्याबद्दल शिव्या दिल्या, आणि आता हे पत्र आई घेऊन येतेय. हातात. भर गावातून. नळावरच्या बायकांसमोरून. तिनंच सांगितलं, लिही, मी देते.

काल तू टेम्पोतून उतरलीस तेव्हा मी पत्रावळ्या मांडत होतो. चंदूच्या शेजारी, बंडलांमध्ये बसून आलेली, हातात कात्री अजून तशीच. मला वाटलं, माझ्या छातीतला इंजिनाचा आवाज अख्ख्या गावाला जातोय. मी उठलो, केस सारखे केले. तू माझ्यासमोरून गेलीस आणि सरळ शंकरकाकांच्या पाया पडलीस. मग आत गेलीस, प्रीतीताईजवळ बसलीस. मग पानावर बसलीस. गावातलं एकच पान भरलं, ते गावकीच्या प्रमुखाच्या मुलीनं.

मी वाल वाढायला आलो तर म्हणालीस, “मी तुझ्यासाठी नाही आले.”

मी म्हटलं, बरं.

“काकीनं मला पोहायला शिकवलेलं. मागच्या नाल्यात. पाणी साफ होतं तेव्हा. मी बुडत होते तर केस धरून वर काढलं होतं.” आणि मग, “थोडे अजून वाढ. कमी वाढतोस.”

किर्ती, मी कालपासून धुंदीत आहे. तू माझं ऐकून आली असतीस तर मी आनंदानं वेडा झालो असतो, आणि ते सगळं माझंच राहिलं असतं. तू माझं न ऐकता आलीस. मी बघितलेले पाय, तुझा नाला, चंदूचा तांब्या. ज्यानं त्यानं आपलं कुठूनतरी उचललंय, आणि कोणाच्या उत्तरपत्रिकेत त्यातलं काही नाही. पुढे भांडी घासताना तू आईशी बोललीस, माझ्याशी नाही. तरी मी परसातल्या वापरायच्या विहिरीवर पाणी काढत राहिलो, गरजेपेक्षा दुप्पट. तुझ्या बांगड्या राखेत वाजत होत्या.

चंदू सांगत होता, तात्या तिठ्यावर उभे होते. जेवायला आले नाहीत. पण तू टेम्पोतून येताना त्यांनी हात आडवा केला नाही. बघत राहिले एवढंच. तू त्यांच्याकडे बघितलंस की नाही, ते चंदूला दिसलं नाही.

आज सकाळी ऐकलं की गावकीनं आता तुझ्याकडूनही नारळ मागितलाय. तात्यांनाच मागायला लावलाय, सगळ्यांसमोर, स्वतःच्या पोरीकडे. गाव एका मुठीत ठेवायला त्यांना आता स्वतःचंच बोट वळवायचंय.

मागच्या पत्रांत मी तुला फार शिकवलं. यात शिकवत नाही. तू नारळ ठेवलास तर मला राग येईल, पण तो माझा मी बघून घेईन, मला सवय आहे. तुझा बाप तुझा आहे, त्याचे पाय मी बघितलेत, तू रोज बघतेस. ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

फोडायचा झाला, तर आमच्याकडे खवणी आहे.

सुजित